जिनिंगचा फीडर लोड पाहून आपोआप मंद-जलद कसा करायचा?

सरकी_रुई (चोपडा)
राम राम मंडळी. कापसातून सरकी वेगळी करणारी २४ डबल रोलर जीन आहेत. प्रत्येक जीनवर ५ एचपीची मोटर, ती थेट लाइनवर. वरच्या फीडरला (जीनमध्ये कापूस सोडणारा भाग) अर्ध्या एचपीची गिअर मोटर आणि तिला स्वतंत्र छोटा ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारं उपकरण). फीडरचा वेग सध्या पॉट (हाताने फिरवायची खुंटी) फिरवून ठरतो. दुपारी सुका माल आला की माणूस पॉट वाढवतो. संध्याकाळी दव पडलेली गाडी खाली झाली की तोच पॉट जीन चोक करतो (कापूस अडकतो) आणि ओव्हरलोड रिले पडतो. रात्रपाळीत माणूस पॉट एकदाच कमी करून ठेवतो, मग उत्पादन मार खातं.
टाँग टेस्टरचे (करंट मोजायचा चिमटा-मीटर) आकडे: रिकामं जीन ४.१ अ‍ॅम्पियर, चांगल्या भरावर ६.२, चोक व्हायच्या आधी ९ च्या वर. नेमप्लेटवर ७.४. फीडरचा ड्राइव्ह साधारण २० ते २४ हर्ट्झवर असतो. ड्राइव्हमध्ये पीआयडी (मोजलेला आकडा ठरलेल्या आकड्यावर धरून ठेवणारं नियंत्रण) आहे, अ‍ॅनालॉग इनपुटही आहे. जीन मोटरचा करंट घेऊन फीडर आपोआप चालवायचा आहे. सीटी (करंट मोजणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) कोणता, वायरिंग कसं, आकडे काय भरायचे?

टाँगटेस्टर (धुळे)
काम होण्यासारखं आहे. पद्धत जुनी आहे, नवं काही नाही. करंटसाठी ४-२० मिलिअ‍ॅम्पियर देणारा सीटी ट्रान्सड्यूसर घ्या. शून्य ते १० अ‍ॅम्पियरचा मिळाला तर उत्तम. ५० चाच हाती असेल तर मोटरची एका फेजची वायर त्यातून पाच वेळा फिरवा, झाला १० चा. मग ६.२ अ‍ॅम्पियरला सिग्नल १३.९२ मिलिअ‍ॅम्पियर यायला हवा. मीटर सिरीजमध्ये लावून हा आकडा आधी बघा, त्याशिवाय पीआयडी चालू करू नका.
ड्राइव्हला फक्त ०-१० व्होल्टचा इनपुट असेल तर टर्मिनलवर ५०० ओहमचा १ टक्कावाला रेझिस्टर टाका, २ ते १० व्होल्ट मिळतील. वायर शील्डची, शील्ड फक्त ड्राइव्हच्या बाजूला अर्थ करायची, ट्रान्सड्यूसरकडचं टोक टेप मारून मोकळं. मोटरच्या केबलबरोबर एकाच ट्रेमध्ये नेऊ नका.
पीआयडीची दिशा सरळ ठेवा. पंपाच्या कायम दाबाला जशी असते तशीच, म्हणजे फीडबॅक कमी पडला की वेग वाढतो. ‘लोड वाढला की वेग कमी हवा, म्हणजे उलटी दिशा’ असा हिशेब करून बरेच वायरमन दिशा उलटी भरतात. मग जीन चोक व्हायला लागलं की फीडर अजून जोरात पळतो.

मेहरूण (जळगाव)
टाँगटेस्टर भाऊंचं वायरिंग बरोबर, पण करंटवर लूप (मोजमापावरून वेग ठरवणारं चक्र) बांधायला माझा विरोध आहे. सरकी_रुई यांचेच आकडे घ्या. रिकाम्या मोटरचा पॉवर फॅक्टर (करंटपैकी खऱ्या कामाचा वाटा) ०.३५ च्या आसपास असतो, ४.१ अ‍ॅम्पियर म्हणजे ४१५ व्होल्टवर जेमतेम १ किलोवॅट. भरावर ०.७८ धरला तर ६.२ अ‍ॅम्पियर म्हणजे जवळपास ३.५ किलोवॅट. करंट दीडपट झाला, काम जवळपास ३.४ पट. ४.१ मधला मोठा भाग नुसता मोटरच्या चुंबकाचा आहे, कापसाशी त्याचा संबंध नाही.
दुसरी अडचण व्होल्टेजची. संध्याकाळी व्होल्टेज ४१५ वरून ३८० वर उतरलं की रिकामा करंट थोडा घटतो आणि भराचा करंट वाढतो. ६.२ हा सेटपॉइंट (गाठायचा ठरलेला आकडा) दुपारी वेगळं काम सांगतो आणि रात्री वेगळं. ज्या वेळी ओला माल येतो त्याच वेळी व्होल्टेज पडतं, म्हणून चोकचं खापर ड्राइव्हवर फुटतं.
किलोवॅटवर चालवा. अ‍ॅक्टिव्ह पॉवरचा ट्रान्सड्यूसर मिळतो, ०-५ किलोवॅटला ४-२० मिलिअ‍ॅम्पियर. नाहीतर आरएस-४८५ असलेला साधा मल्टिफंक्शन मीटर आणि वर एक पीएलसी (प्रोग्रॅम करता येणारा कंट्रोलर). एकाच जीनवर प्रयोग असेल तर ट्रान्सड्यूसर, २४ वर न्यायचं असेल तर मीटर.

टाँगटेस्टर
पॉवर चांगली हे कबूल. पण सेटपॉइंट पूर्ण भराच्या जवळ असेल तर त्या पट्ट्यात करंटही बऱ्यापैकी सरळ रेषेत वाढतो. गडबड होते ती रिकाम्यापासून अर्ध्या भरापर्यंत. व्होल्टेजचा मुद्दा मात्र खोडता येत नाही, त्यामुळे मी माघार घेतो.

कळण्याची_भाकर (पारोळा)
खरं शे भाऊ. पण एक गोष्ट कुणीच लिहिली नाही आणि मशीन जाळणारी तीच आहे. सिग्नल गेला तर काय?
४-२० ची वायर तुटली, ट्रान्सड्यूसरची फ्यूज उडाली, जीनचा रिले पडला, बेल्ट तुटला. या चारही वेळा पीआयडीला दिसतं की ‘जीन रिकामं आहे’. सरळ दिशेचा पीआयडी मग फीडरला थेट कमाल वेगावर नेतो आणि बंद जीनवर कापूस ओततो. रोलर थांबलेला असेल तर नुसता ढीग होतो. बेल्ट घसरत असेल तर तो तापतो आणि भोवती रुई असते, पुढचं सांगायला नको.
म्हणून हे आधी करा, गेन-बिन (पीआयडीचे आकडे) नंतर:
– जीनच्या कॉन्टॅक्टरचा मोकळा एनओ (एरवी उघडा) संपर्क फीडर ड्राइव्हच्या रन कमांडमध्ये सिरीजला. जीन बंद तर फीडर बंद, यात कुठलंही सॉफ्टवेअर मध्ये नको.
– ओव्हरलोड रिलेचा एनसी (एरवी जुळलेला) संपर्कही त्याच वायरमध्ये.
– ड्राइव्हमध्ये ४ मिलिअ‍ॅम्पियरच्या खाली सिग्नल गेला तर काय करायचं याचा पॅरामीटर असतो. फॅक्टरीतून तो बहुधा ‘काही करू नका’ असा येतो. तो ‘फॉल्ट देऊन थांबा’ करा.
– पॉवर रिकाम्यापेक्षाही खाली, समजा ०.७ किलोवॅटच्या खाली, ३ सेकंद राहिली तर बेल्ट गेला असं समजून फीडर थांबवा.
– सीटी एकाच फेजवर असेल तर तीच फेज गेल्यावर करंट शून्य दिसतो. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर असल्याशिवाय हा खेळ करू नये.

सरकी_रुई
बेल्टचा मुद्दा डोक्यातच नव्हता. मेहरूण दादा, पॉवर ट्रान्सड्यूसरवर एक जीन करून बघतो. गेन काय भरू? ड्राइव्हमध्ये पी १.०, आय ५ सेकंद आहे.

मेहरूण
फॅक्टरीचे आकडे पंपासाठी असतात. पाण्याचा दाब सेकंदात बदलतो, इथे फीडरपासून रोलरपर्यंत कापूस पोचायलाच काही सेकंद जातात. मोजून काढा, अर्ध्या तासाचं काम आहे.
१) पीआयडी बंद. फीडर २० हर्ट्झवर हाताने चालवा, माल एकसारखा ठेवा, पॉवर स्थिर होऊ द्या.
२) एकदम २४ हर्ट्झ द्या. मोबाइलवर मीटरचा व्हिडिओ काढा, नंतर सावकाश वेळ वाचता येते.
३) पॉवर हलायला लागेपर्यंतचा वेळ म्हणजे मृतकाळ. हलायला लागल्यापासून एकूण बदलाच्या ६३ टक्के होईपर्यंतचा वेळ म्हणजे वेळांक.
समजा पॉवर ३.० वरून ३.४ झाली, मृतकाळ ४ सेकंद, वेळांक १० सेकंद. वेगातला बदल ५० पैकी ४ हर्ट्झ, म्हणजे ८ टक्के. पॉवरमधला बदल ५ पैकी ०.४, तोही ८ टक्के. प्रक्रियेचा गेन १. आपल्याला लूप किती वेगाने सावरायला हवा तो आकडा मृतकाळाच्या तिप्पट धरा, १२ सेकंद. मग
पी = १० ÷ (१ × (१२ + ४)) = ०.६३
आय = वेळांकाइतकाच, १० सेकंद
डी = शून्य. जीनचा बीटर सतत ठोकतो, डी त्या ठोक्यांच्या मागे धावेल.
फीडबॅकचा फिल्टर १ ते २ सेकंद. त्याहून मोठा ठेवलात तर मृतकाळात भर पडते आणि वरचा हिशेब बिघडतो.
सेटपॉइंट सुरुवातीला ३.२ किलोवॅट. कमाल ३० हर्ट्झ, किमान १० हर्ट्झ.

सातपुडा७२ (शहादा)
यात मृतकाळ हाच खरा शत्रू. फीडरच्या खालचा उताराचा पत्रा गंजला किंवा खडबडीत झाला की कापूस अडकत अडकत उतरतो आणि मृतकाळ ४ चा ८ सेकंद होतो. लूप झुलायला लागतो: पंधरा-वीस सेकंद गच्च, पंधरा-वीस सेकंद रिकामं. अशा वेळी लोक पी-आयशी खेळत बसतात. आधी पत्रा पॉलिश पेपरने घासून घ्या.

भरीत_पार्टी (यावल)
विषय निघालाच आहे तर, केळीच्या ठिबकसाठी बोअरच्या मोटरला ड्राइव्ह लावून दाब कायम ठेवायचा आहे. हेच आकडे चालतील का?

टाँगटेस्टर
नाही. सबमर्सिबलला किमान ३० हर्ट्झ लागतात, नाहीतर थ्रस्ट बेअरिंगवर पाण्याचा थर टिकत नाही. लांब केबलला आउटपुट चोकही (ड्राइव्हच्या पुढे लावायची कॉइल) हवा. नवा धागा काढा, तिथे लिहितो.

गिअर_ऑइल (अमळनेर)
२० हर्ट्झवर वर्षानुवर्षं चालणाऱ्या गिअर मोटरबद्दल बोलू. मोटरचा पंखा तिच्याच शाफ्टवर, निम्म्याहून कमी वेगात हवा नावापुरती. वर रुईचा थर. टॉर्क मात्र पूर्ण लागतो. मोटर जळते ती इथे.
फीडरच्या चेनचं मोटरकडचं स्प्रॉकेट २१ दात्यांचं असेल तर १४ चं टाका. फीडरचा तोच वेग मिळवायला मोटर २२ ऐवजी ३३ हर्ट्झवर फिरेल, मोटरवरचा टॉर्क एक तृतीयांश कमी होईल आणि पंख्याला हवा मिळेल. कमाल मर्यादा ३० ची ४५ करा. पुढे गेनचा हिशेब परत मांडा: पॉवरमधल्या त्याच ८ टक्के बदलासाठी आता ६ हर्ट्झ म्हणजे १२ टक्के लागतात, प्रक्रियेचा गेन ०.६७, म्हणून पी ०.६३ चा ०.९४. हे विसरलात तर लूप सुस्त वाटेल.
ड्राइव्हमध्ये मोटरची नेमप्लेट भरून ऑटोट्यून करा. व्ही/एफ मोडवर टॉर्क बूस्ट (कमी वेगात दिलेलं जादा व्होल्टेज) १० टक्क्यांवर नेऊन ठेवलेला बऱ्याच ठिकाणी दिसतो. रिकामी मोटरही त्याने तापते.

रात्रपाळी (धरणगाव)
पीआयडीने चोक पूर्ण थांबत नाही. ओल्या कापसाचा गोळा आला की पॉवर २-३ सेकंदांत उडी मारते आणि लूपला १२ सेकंद हवेत. त्यासाठी लूपच्या बाहेर एक वेगळा नियम ठेवा: ४.२ किलोवॅटच्या वर १ सेकंद गेलं की फीडर सरळ थांबवा, ३.० च्या खाली आलं की किमान वेगावर परत सुरू करा. घटवताना चटकन, वाढवताना सावकाश. ड्राइव्हच्या रॅम्पमध्येच हे बसतं: चढायला २० सेकंद, उतरायला २ सेकंद.
एक खोच आहे. रॅम्प २० सेकंदांचा आणि आय १० सेकंदांचा असेल तर मोटर अजून चढत असताना इंटिग्रल (पीआयडीतला आय) पुढे पळून भरून बसतो. त्यामुळे चढण्याचा दर पीआयडीच्या सेटपॉइंटला लावा, मोटरच्या रॅम्पला ५ सेकंद ठेवा. ड्राइव्हमध्ये पीआयडी सेटपॉइंटचा वेगळा रॅम्प असतो.
हॉपर रिकामा झाल्यावरही हेच होतं. पीआयडी कमाल वेगावर जाऊन वाट बघतो आणि मग नवीन माल एकदम कोसळतो. पॉवर रिकाम्याच्या आसपास १० सेकंद राहिली तर इंटिग्रल पुसा आणि १५ हर्ट्झवर थांबा. हॉपरमधल्या फोटो सेन्सरवर विसंबू नका, तासाभरात त्याच्या काचेवर रुई बसते.

मेहरूण
बरोबर. रॅम्पची बाब मी लिहायला हवी होती.

कंट्रोल_थिअरी (जळगाव)
सगळं छान, पण धाग्यात ज्याची चर्चा चालू आहे ते साधं पीआय (डी नसलेला पीआयडी) कंट्रोल आहे, अडॅप्टिव्ह नाही. ‘अडॅप्टिव्ह’ म्हणजे प्रक्रिया बदलली की कंट्रोलर स्वतःचे आकडे बदलतो. मॉडेल रेफरन्सची पद्धत एमआयटीत व्हिटेकर आणि सहकाऱ्यांनी १९५८ च्या सुमारास विमानांसाठी मांडली, सेल्फ-ट्यूनिंग रेग्युलेटर ओस्ट्रोम आणि विटेनमार्क यांनी १९७३ मध्ये. पीएलसी आहेच तर रिकर्सिव्ह लीस्ट स्क्वेअर्स (नव्या मोजमापांवरून अंदाज सुधारत जाण्याची पद्धत) लिहून प्रक्रियेचा गेन चालत्या मशीनवर का काढू नये?

मेहरूण
काढता येईल, टिकणार नाही. अशा पद्धतीला सिग्नलमध्ये सतत हालचाल लागते. दोन तास एकसारखा सुका माल चालला तर अंदाज बांधायला काही उरत नाही, आकडे नुसत्या आवाजावर वाहत जातात आणि पहिला ओला गोळा आला की कंट्रोलर वेडा होतो. हा दोष पुस्तकांतही नोंदलेला आहे. टाळायचा तर हालचाल नसेल तेव्हा शिकणं गोठवावं लागतं. ते गोठवण्याचे नियम लिहिता लिहिता मूळ प्रोग्रॅमहून मोठा प्रोग्रॅम होतो आणि हंगामात रात्री २ वाजता तो समजणारं कुणी नसतं.
जीनमध्ये प्रत्यक्षात काय बदलतं ते बघा. रिकामी पॉवर बदलते: डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत सकाळी गिअरबॉक्सचं तेल घट्ट असतं, पहिली २०-३० मिनिटं आकडा चढलेला राहतो. रोलरच्या खाचा नव्याने पाडल्या, नाईफचा दाब बदलला, तरी आकडा बदलतो. आणि मालाची ओल बदलते. या दोनच गोष्टींना जुळवून घ्या:
सेटपॉइंट = रिकामी पॉवर + ठरलेली भर.
जीन सुरू झाल्यावर फीडर ६० सेकंद बंद ठेवायचा, त्यातल्या शेवटच्या ३० सेकंदांची सरासरी म्हणजे आजची रिकामी पॉवर. सकाळी एकदा, तेल गरम झाल्यावर एकदा, जेवणाच्या सुट्टीनंतर एकदा. भर सुक्या मालाला २.२ किलोवॅट, ओल्याला १.५. पॅनलवर दोन पोझिशनचा स्विच. ओल्यात आय १० वरून १५ सेकंद, हाही त्याच स्विचने.

कळण्याची_भाकर
इथे एक खड्डा आहे. मशीन रोज आपोआप शिकत असेल तर बिघाडही शिकतं. बेअरिंग कोरडं पडायला लागलं, रिकामी पॉवर १.० ची १.३ झाली, १.६ झाली, कंट्रोलर म्हणतो ठीक आहे, आजची रिकामी १.६, आणि वर २.२ टाकून ३.८ वर चालवतो. बेअरिंग बसेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही.
म्हणून शिकण्याला कुंपण घाला. ०.८ ते १.४ च्या बाहेरचा आकडा घ्यायचा नाही, अलार्म द्यायचा, फीडर सुरूच करायचा नाही. कालच्यापेक्षा २० टक्क्यांहून जास्त फरक असला तरी फिटरने बघून बटण दाबल्याशिवाय पुढे जायचं नाही. थंड सकाळचा आकडा कालच्या सकाळशी आणि दुपारचा दुपारशी ताडायचा, नाहीतर रोज सकाळी खोटा अलार्म वाजेल आणि आठवड्यात कुणीतरी बझरची वायर काढून टाकेल.

कंट्रोल_थिअरी
मान्य. याला गेन शेड्यूलिंग म्हणतात, आणि तेही अडॅप्टिव्हच्याच घरातलं आहे, एवढं समाधान मानतो. :)

सरकी_रुई
ओला-सुका कुणी ठरवायचं? मुकादमाच्या हाताने?

सातपुडा७२
ओलाव्याचं मीटर गाडी खाली होताना तीन-चार ठिकाणी खुपसा, वरच्या थरात नव्हे, ढिगाच्या आत. ८ टक्क्यांच्या आसपास सुखाने चालतो, १२ च्या वर ओला समजा. फरदडीचा (हंगामानंतर ठेवलेल्या पिकाचा) माल आणि कवडी (किडका कापूस) जास्त असलेला माल कोरडा असला तरी ओल्याच्या पोझिशनवर चालवा, सरकीला चिकटून येतो आणि बीटरला अडतो. भिजलेला माल मात्र कुठल्याच पोझिशनवर घालू नका, तो उन्हात पसरायचा.

डाळवाला (जळगाव)
डाळ मिलच्या एमरी रोलला हेच जमेल का? रोलच्या मोटरच्या लोडवर वरचा फीडर.

मेहरूण
जमेल, आणि सोपं आहे, कारण दाणा कापसासारखा गुंतत नाही, मृतकाळ एक-दोन सेकंदांचा. फक्त एमरी झिजला की त्याच पॉवरला साल कमी निघते. त्यामुळे भर आठवड्याला डाळीचा नमुना बघून बदलावी लागते.

गिअर_ऑइल
सरकी_रुई, २४ जीनवर न्यायचं ठरलं तर कम्युनिकेशनचं गणित करा. ९६०० बॉडवर एक वाचन किंवा लेखन जाऊन-येऊन साधारण ५० मिलिसेकंद. २४ मीटर वाचायचे, २४ ड्राइव्हना वेग लिहायचा, ४८ व्यवहार, २.४ सेकंदांची एक फेरी. ४ सेकंदांच्या मृतकाळात एवढी भर जड आहे. पीएलसीचे दोन पोर्ट वापरून १२-१२ जीन वाटा, १.२ सेकंद. लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहम, मधून फाटे नकोत, एकातून दुसऱ्यात अशी साखळी. ड्राइव्हमध्ये कम्युनिकेशन तुटल्याचा टाइमआउट ५ सेकंद, कृती ‘थांबा’.
आता ज्यामुळे ड्राइव्ह मरतात ते. वेग ज्या रजिस्टरमध्ये लिहिता ते तात्पुरत्या मेमरीचं आहे की कायमच्या, हे मॅन्युअलमध्ये बघा. काही ड्राइव्हमध्ये पॅरामीटरच्या पत्त्यावर लिहिलं की आकडा ईईप्रॉममध्ये कोरला जातो. तिचं आयुष्य एक लाख लेखनांचं धरलं तर दर २.४ सेकंदाला लिहिताना तीन दिवसांत संपतं. मग ड्राइव्ह मेमरी फॉल्ट दाखवतो आणि आपण व्होल्टेजला दोष देतो.

टाँगटेस्टर
पॅनल जीन हॉलमध्ये ठेवू नका. हीटसिंकच्या पंखऱ्यांत रुई भरते, ड्राइव्ह ओव्हरहीट दाखवतो, आणि साठलेल्या रुईत ठिणगीची भीती वेगळीच. शेजारच्या खोलीत घ्या. केबल ५० मीटरच्या पुढे जात असेल तर आउटपुट चोक आणि कॅरियर फ्रिक्वेन्सी ४ किलोहर्ट्झ. हार्मोनिक्सची चिंता इथे फारशी नाही, फीडरचे सगळे मिळून ९ किलोवॅट, जीनचे ८९. कपॅसिटर बँक मेन पॅनललाच असू द्या, ड्राइव्हच्या आउटपुटवर चुकूनही नको.

सरकी_रुई
ठरलं. आधी ७ नंबरच्या जीनवर: इंटरलॉक, स्प्रॉकेट, ट्रान्सड्यूसर, मग स्टेप टेस्ट, मग पीआयडी. पॉट काढून टाकू का?

रात्रपाळी
राहू द्या. ऑटो-मॅन्युअल स्विच लावून पॉट मॅन्युअलला जोडा. ट्रान्सड्यूसर गेला तर हंगामात जीन उभं राहायला नको. मॅन्युअलची कमाल मर्यादा मात्र ३० हर्ट्झवर बांधा, आणि जीनच्या कॉन्टॅक्टरचा इंटरलॉक दोन्ही पोझिशनमध्ये येतो ना ते जीन बंद करून एकदा तपासा.